गव्हर्नर राज्याबाहेर आहेत

कॅपिटॉलच्या मोठ्या जिन्यावर, दुसऱ्या वळणाला, माझ्या भावाचं तैलचित्र लावलंय. चित्रकाराने त्याला चांगली ठाम हनुवटी दिली आहे. ती ऑरिनला कधीच नव्हती. आमच्या घरात ती माझ्या वाट्याला आली, आणि माझं लग्न न जमल्याचं खापर आईने शेवटपर्यंत त्या हनुवटीवरच फोडलं. चित्राखालच्या पितळी पट्टीवर लिहिलंय की गव्हर्नर ऑरिन टॅडलॉक यांनी राज्याला पक्के रस्ते दिले, मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा काढली आणि पुढे वॉशिंग्टनला सिनेटर म्हणून राज्याची सेवा केली. सगळं खरं आहे. रस्ते चांगलेच आहेत, मी अजून त्यांच्यावरून गाडी चालवते. पण शाळेच्या पोरी रांगेने त्या जिन्यावर येतात, मान वर करून चित्राकडे बघतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. ओरडून उपयोग नाही. म्हातारीचा तोल गेला म्हणतील आणि खुर्ची आणून देतील. म्हणून लिहून ठेवतेय.

ऑरिनला कुणाच्या तोंडावर नाही म्हणता येत नसे. एवढं एक समजलं की त्याचं सगळं चरित्र समजलं. आमच्या गावच्या चर्चमध्ये उन्हाळ्यात डब्यांचा लिलाव व्हायचा. मुली कोंबडी, बिस्किटं, केक असं काहीबाही करून डबे सजवायच्या, आणि जो पोरगा डबा बोलीत घेईल त्याने त्या मुलीबरोबर बसून जेवायचं. एका वर्षी ऑरिनने दोन मुलींना शब्द दिला की बोली तुझ्याच डब्यावर लावीन. लिलावाच्या दिवशी पठ्ठ्या ताप आला म्हणून पांघरुणात. खरोखर अंग तापलं होतं त्याचं, मी हात लावून पाहिला. संध्याकाळी दोघी मुली सूप घेऊन त्याला बघायला आल्या आणि दोघींनाही तो इतका गोड बोलला की त्या आयुष्यभर त्याला मतं देत राहिल्या.

असा माणूस राजकारणात नाही जाणार तर कुठे जाणार? आधी मास्तरकी केली, मग एका वकिलाच्या ऑफिसात बसून कायदा वाचला, मग काउंटीचा सरकारी वकील झाला. त्या नोकरीत त्याने एका माणसाला फाशीपर्यंत पोहोचवलं. सरकारी वकिलाने हजर राहायचं असतं म्हणून तो गेला आणि तुरुंगाच्या मागच्या भिंतीशी उलट्या करून घरी आला. "ताई, मी परत हे करणार नाही," म्हणाला. मी म्हटलं, "मग राजीनामा दे." त्याने दिला. तेवढ्यापुरता तो मला फार आवडला.

मग विधानसभेची निवडणूक आली, आणि हॅटीमावशी आली. हॅटी डॉब्स आमची शेजारीण. आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोन वर्षं आमच्या घरच्या भाकरतुकड्याची काळजी तिनेच घेतली. ऑरिनच्या पहिल्या निवडणुकीला ओढ्याला पूर आलेला. मतदार पलीकडे अडकले. मावशीने खेचरांची गाडी जुंपली, स्कर्ट खोचला, आणि छातीभर पाण्यातून माणसं अलीकडे आणली. एकेकाला दरडावत होती, "भिजलास तर वाळशील रे. मत टाक आधी." ऑरिन जेमतेम निवडून आला, तो त्या गाडीभर माणसांवर. तिचा धाकटा क्लेल तेव्हा रांगत होता. तिने त्याला माझ्या मांडीवर टाकलं होतं दिवसभर.

त्यानंतर ऑरिनला मागे वळून बघावं लागलं नाही. उजव्या हाताने हात हातात घ्यायचा, डाव्या हाताने समोरच्याचं कोपर धरायचं, नावानिशी विचारपूस करायची. त्याची बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं, म्हणून तो नायब गव्हर्नर झाला तेव्हा मी घर आवरून त्याच्याकडे राजधानीत राहायला आले, आणि तो गव्हर्नर झाला तेव्हा गव्हर्नरच्या बंगल्यात.

इथे आमच्या राज्याची एक रीत सांगायला हवी. आमच्या राज्यघटनेत लिहिलंय की गव्हर्नरने राज्याची हद्द ओलांडली की परत पाऊल टाकेपर्यंत तो गव्हर्नर नाही. सगळे अधिकार नायबाकडे. घोड्यांच्या काळात हे शहाणपणाचं असेल. पण आमची राजधानी नदीकाठी, नदीच्या पलीकडे दुसरं राज्य, आणि मधे पूल. एक गव्हर्नर पलीकडे टोपी विकत घ्यायला गेले, तेवढ्यात नायबाने स्वतःच्या न्हाव्याला मानद कर्नल करून टाकलं. दुसरे मुलीच्या लग्नाला गेले, तर परत येईपर्यंत वेड्यांच्या इस्पितळाचा मुख्य बदललेला. तो दुसरा उद्योग आमच्या ऑरिनचा, नायब असतानाचा. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. नायब वेगळा निवडून येतो, बहुतेक वेळा विरुद्ध गटाचा असतो, त्यामुळे पूल ओलांडायच्या आधी आमचा प्रत्येक गव्हर्नर दहादा विचार करतो. ऑरिनने तर गव्हर्नर झाल्यापासून पलीकडे पाऊलही टाकलं नव्हतं.

हॅटीमावशीचा क्लेल सव्वीस वर्षांचा झाला आणि वाईट संगतीला लागला. दोन मित्रांबरोबर एका बँकेत शिरला. कॅशियर मेला. दोघे मित्र पळताना पोलिसांच्या गोळ्यांनी पडले, क्लेल गाडीत बसलेला सापडला. मेलेल्यांना फाशी देता येत नाही, म्हणून ज्युरीने जिवंत होता त्याला दिली.

ऑरिनने खटल्याची सगळी कागदं घरी आणून वाचली. जेवणाच्या टेबलावर मला म्हणाला, "ताई, ह्या पोराने पिस्तुलाला हात लावलेला नाही. तो गाडीतून उतरलासुद्धा नाही."

"मग जन्मठेप कर. आत्ता कर. पेन आणून देऊ?"

"करायचीच आहे गं. पण वेळ बघावी लागते."

"फासाला कसली वेळ बघायची असते?"

त्याने बटाट्यात काटा फिरवला आणि बोलणं रस्त्यांवर नेलं. वेळ कसली ते मला माहीत होतं. वॉशिंग्टनच्या सिनेटची निवडणूक तोंडावर होती. बँकवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष मिस्टर स्ट्राउड आमच्याकडे दर आठवड्याला कॉफीला येत होते. ऑरिनच्या प्रचाराची सगळी भिस्त त्यांच्यावर. ते आवाज न चढवता म्हणायचे, "आमच्या कॅशियरची बायको अजून काळे कपडे घालते, गव्हर्नर. आम्हाला सूड नको. फक्त कायद्याने आपलं काम करावं." आणि ऑरिन त्यांचं कोपर धरून म्हणायचा, "कायद्याच्या आड मी येणार नाही, स्ट्राउड. शब्द आहे माझा."

फाशीच्या आठवड्यात हॅटीमावशी आली. आमच्याकडे गुरुवारी सकाळी कुणीही येऊन गव्हर्नरला भेटू शकतो. ती रांगेत उभी राहिली, ओळख सांगून पुढे घुसली नाही. तिची पाळी आली तेव्हा ऑरिन उठून उभा राहिला.

"अरे ऑरिन, माझं एकच काम आहे," ती म्हणाली. "तो तुरुंगात म्हातारा झाला तरी चालेल. मला नुसता जिवंत हवा."

ऑरिनने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "मावशी, क्लेल फासावर जाणार नाही. तू घरी जा, शांत झोप."

मी दारात उभी होते. त्याचे डोळे भरलेले मी पाहिले. तो खोटं बोलत नव्हता. स्ट्राउडशीही खोटं बोलला नव्हता. हीच तर त्याची पंचाईत.

फाशी शुक्रवारी दुपारी बाराची होती. शुक्रवारी सकाळी मी खाली आले तर ऑरिन पांढरा सूट घालून हॅट ब्रशने झटकत होता.

"कुठे निघालास?"

"पलीकडे. गुरांचा मेळा आहे ना त्यांचा. त्यांच्या गव्हर्नरने आमंत्रण दिलंय, वळूंना बक्षिसं द्यायची आहेत."

मला आधी कळेचना. "आज? आणि क्लेलचं काय? सही केलीस?"

"ताई, पूल ओलांडला की मी गव्हर्नर नाही. लाइल हॅव्हरकँप गव्हर्नर." तो माझ्याकडे न बघता हॅट झटकत राहिला. "लाइल रविवारी चर्चमध्ये फाशीच्या विरुद्ध भाषणं देतो. फाशी म्हणजे खून असं छापून आणलंय त्याने. तो एका मिनिटात रद्द करेल. करायलाच लागेल त्याला. क्लेल वाचेल, आणि मी कायद्याच्या आड आलो नाही. सगळ्यांचं भलं."

"लाइलला विचारलंस?"

"असल्या गोष्टी विचारायच्या नसतात."

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही; आमच्या आईला आवडलं नसतं. तो खालमानेने ऐकून गेला. त्याची मोटार पुलाकडे वळली आणि हॅटीमावशी मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली. रानातल्या प्लमच्या मुरंब्याची बरणी घेऊन आली होती. ऑरिनसाठी. आभार म्हणून.

"झाली ना गं सही?" तिने विचारलं. "तुरुंगावर गेले होते. वॉर्डन म्हणाले, आमच्याकडे अजून काही आलं नाही. म्हटलं, अगं, इतक्या पायऱ्या चढून कागद यायचा, वेळ लागणारच."

मी तिला कॉफी दिली आणि फोन उचलला. लाइलच्या घरी त्याच्या बायकोने घेतला.

"ते नाहीत हो. पहाटेच सासुरवाडीला गेले, माझ्या माहेरी. मासे पकडायला."

"तुमचं माहेर कुठलं?"

तिने सांगितलं. दक्षिणेकडच्या हद्दीपलीकडचं गाव. तिचा आवाज घाईघाईचा होता. "काल त्यांना कुणीतरी सांगितलं की गव्हर्नर मेळ्याला जाणार आहेत. रात्रभर फेऱ्या मारत होते. मला म्हणाले, ऑरिन टॅडलॉकचं ओझं मी का उचलू?"

भाषणं देणारा माणूस तोच, सासुरवाडीला पळणाराही तोच. निवडणुकीला तोही उभा राहणार होता ना.

नायबही राज्याबाहेर असला तर अधिकार जातात सिनेटच्या अध्यक्षांकडे, म्हणजे आमच्या राज्याच्या सिनेटच्या. ते होते म्हातारे एमॉस फिकेट. वर्षानुवर्षं त्यांना मानाने निवडायचे आणि खुर्चीत बसवून ठेवायचे. फोनवर त्यांची सून आली. मी तिला सांगितलं की तुझे सासरे या घडीला राज्याचे गव्हर्नर आहेत, त्यांना फोनवर आण, एक वाक्य बोलू दे, एक माणूस वाचेल. ती बिचारी पळत गेली. मला पलीकडून तिचा ओरडा ऐकू येत होता. "बाबा, तुम्ही गव्हर्नर झालात! गव्हर्नर!" बऱ्याच वेळाने परत आली ती रडत. "बाई, ते म्हणतात थट्टा पुरे, आधी माझं अंडं उकडून दे. मला ते कालपासून आई म्हणतायत हो. काय करू मी?"

"काही करू नकोस, पोरी," मी म्हटलं. "अंडं उकड."

मग मी वॉर्डनला फोन केला. तो सभ्य माणूस होता. "मॅडम, मलाही ह्यात आनंद नाही," तो म्हणाला. "कुठल्याही गव्हर्नरचा शब्द मला चालेल. फोनवर चालेल. पण गव्हर्नर द्या मला एक. न्यायालयाच्या हुकुमावर आजची तारीख आहे. कुणी थांबवलं नाही तर ते आपोआप होणार."

ऑरिनच्या ऑफिसात तर एकच उत्तर होतं, नेहमीचंच. "गव्हर्नर राज्याबाहेर आहेत." सगळेच राज्याबाहेर होते. एवढं मोठं राज्य, एवढी मक्याची शेतं, एवढी गावं, आणि त्या सकाळी त्याला धनी नव्हता. फक्त फास जागच्या जागी होता.

हॅटीमावशीने कॉफीला तोंड लावलं नव्हतं. माझं एकेक वाक्य ऐकून तिला सगळं समजलं होतं. "ऑरिन कुठे आहे?" एवढंच तिने विचारलं.

मी फोर्ड काढली. गाडी मी कधीच इतकी वेडीवाकडी चालवली नसेन. बाजारच्या चौकात एका माणसाचा टोमॅटोचा गाडा थोडक्यात वाचला आणि त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मावशी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसली होती. टेकडीवर तुरुंगाची लांब दगडी भिंत दिसत होती. राजधानीत ती कुठूनही दिसते.

पुलाच्या आमच्या टोकाला टोलवाल्याची खोपी आहे. तिथे फोन होता. मी त्याला म्हटलं, "तुरुंग जोडून ठेव आणि सोडू नकोस. मी गव्हर्नरला घेऊन येते." त्याने मावशीकडे पाहिलं आणि काही न विचारता फोनचा दांडा फिरवायला लागला.

पुलाच्या बरोबर मध्ये फळ्यांवर पांढरा पट्टा रंगवलेला आहे. त्याच्या पलीकडे ते, अलीकडे आम्ही. मी तिथे गाडी थांबवली, कारण मावशी म्हणाली, "मला इथेच उतरव. पलीकडे मी येत नाही. तिकडे तो कुणीच नाही. त्याला इकडे आण."

मेळ्याचं मैदान पुलाच्या पायथ्याशीच होतं. बँड वाजत होता, तळलेल्या माशांचा वास सुटला होता, आणि माझा भाऊ व्यासपीठावर एका प्रचंड लाल वळूच्या कपाळाला निळी फीत बांधत होता. लोक टाळ्या वाजवत होते. मी स्कर्ट सावरत थेट पायऱ्या चढले. त्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई, इथे नको."

"मग पुलावर चल. नाहीतर इथेच बोलते, सगळ्यांसमोर."

तो आला. लोकांना हात हलवत, हसत हसत आला. चालता चालता मी त्याला सगळं सांगितलं. लाइल पळाला. फिकेटला अंडं हवंय. राज्याला कुणी गव्हर्नर नाही. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण पावलं मंदावली.

"लाइल पळाला?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "पण त्याने छापून आणलं होतं. लाइल पळाला?"

"तू पळालास ना? मग तो का नाही पळणार? तो बघ फोन. तुरुंग जोडलेला आहे. पट्टा ओलांड आणि टोलवाल्याला हाक मार. एवढंच करायचंय."

तो भराभर चालायला लागला. देवाशपथ सांगते, तो निघाला होता. कोटाची बटणं सोडली, हॅट हातात घेतली. तो ओलांडणार, अशी माझी खात्री झाली. हॅटीमावशी पट्ट्याच्या अलीकडे उभी होती, पायाचे अंगठे रेषेला लागलेले. तिने हात पुढे केला.

"ये, बाळा," ती म्हणाली. "ये लवकर."

आणि मागून आवाज आला, "काही अडचण आहे का, गव्हर्नर?"

मिस्टर स्ट्राउड. व्यासपीठावरून आमच्या मागोमाग आले होते. बरोबर वर्तमानपत्राचा एक माणूस, कॅमेरा घेऊन. स्ट्राउडनी मावशीकडे पाहून हॅट काढली. त्यांना ती कोण ते माहीत होतं. रुमालाने कपाळ पुसलं आणि वाट बघत उभे राहिले.

ऑरिन थांबला. रेषेपासून एका पावलावर. पुढे मावशी, मागे स्ट्राउड. जन्मात पहिल्यांदा दोघंही एकाच वेळी त्याच्या तोंडासमोर होती आणि पांघरूण कुठेच नव्हतं.

"ऑरिन," मी म्हटलं.

"ताई, आता परत गेलो तर," तो पुटपुटला, "सगळ्यांना कळेल मी आलो कशाला होतो."

"कळू दे की!"

"मावशी," तो म्हणाला. त्याने मावशीचा हात रेषेवरून हातात घेतला, आणि मला शिसारी आली, कारण त्याचा डावा हात आपोआप तिच्या कोपराखाली गेला. "मावशी, तुला मी शब्द दिलाय."

"हो रे. म्हणून तर आले. पाऊल टाक."

"टाकतो ना. एक मिनिट. मला जरा विचार..." त्याने मागे वळून पाहिलं. "स्ट्राउड, तुम्हीही समजून घ्या. मी तुम्हालाही शब्द..."

"मी काहीच म्हणत नाही, गव्हर्नर," स्ट्राउड म्हणाले.

मी त्याची बाही धरून ओढली. तो माझ्यापेक्षा डोक्याने उंच आणि दुप्पट वजनाचा. कापड फाटलं, तो हलला नाही. खोपीतून टोलवाला ओरडत होता, "वॉर्डन फोनवर आहेत! काय सांगू? काय सांगू त्यांना?" मेळ्यातला बँड वाजतच होता. ऑरिनच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ओठ हलत होते, आणि तो मावशीच्या हाताला घट्ट धरून तिच्याकडे मान हलवत होता. हो, हो, हो. त्याने नाही म्हटलंच नाही. शेवटपर्यंत नाही.

चर्चच्या घंटा सुरू झाल्या. राजधानीत बाराला तिन्ही चर्चच्या घंटा एकापाठोपाठ वाजतात आणि तिसरीची कायम थोडी उशिरा. ती थांबेपर्यंत टोलवाल्याचं ओरडणं बंद झालं होतं. तुरुंगाच्या भिंतीवर फाशी उरकली की काळं निशाण चढवतात, म्हणजे बाहेर जमलेल्यांना कळावं. मी त्या दिशेला बघायचं नाही असं ठरवलं होतं. मावशी मात्र बघत होती. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

तिने आपला हात ऑरिनच्या हातातून सोडवला. सावकाश, एकेक बोट करून. त्याची पकड घट्ट होती. मग हात स्कर्टला पुसला. मला वाटलं, आता ती त्याच्या तोंडावर थुंकेल. मी थुंकले असते. स्ट्राउडनी मान खाली घातली. कॅमेरावाल्याने कॅमेरा उचलला नाही, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं.

मावशी बोलली तेव्हा तिचा आवाज सरकारी खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाचा होता.

"साहेब," ती माझ्या भावाला म्हणाली, "वॉर्डन काल मला म्हणाले होते की प्रेत कायद्याने डॉक्टरी शाळेत जातं, पोरं चिरायला शिकतात त्यावर. घरी न्यायचं असेल तर गव्हर्नरची परवानगी लागते. मी अडाणी बाई आहे. आता गव्हर्नर कोण आहे, तेवढं मला सांगा."

ऑरिनने हॅट डोक्यावर ठेवली, परत काढली. स्ट्राउडकडे पाहिलं, स्ट्राउडनी हळूच मान हलवली, यात त्यांची काही हरकत नव्हती. मग माझ्या भावाने पांढऱ्या पट्ट्यावरून पाऊल टाकलं. मोठं नव्हतं ते पाऊल. ओट्यावरून अंगणात उतरावं एवढंच.

"मी," तो म्हणाला. "मी आहे, मावशी."

"मग चला, साहेब," हॅटी डॉब्स म्हणाली. "ऊन वाढतंय. पोराला असं फार वेळ ठेवू नये."